एका ब्लेडची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 खरे सांगायचे तर मी बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातल्या शाळेत. लग्न होऊन सानपाड्याला आले, तेव्हापासून घर, मुले आणि साड्यांना फॉल-पिको करण्याचे माझे यंत्र, एवढेच माझे जग. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर आपली समजून पदरात घ्या.

माझा विषय आहे दाढीचे ब्लेड. आत्ताच पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला, तो मला दिसला. बायकांच्या सभेत दाढीचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण भगिनींनो, दाढी पुरुषाची असली तरी ब्लेडचे पैसे घरखर्चातूनच जातात, आणि घरखर्चाची वही आपल्या हातात असते. शिवाय ब्लेड आपल्याही कामाचे आहे. माझ्या शिवणाच्या डब्यात सुईदोऱ्याशेजारी ब्लेड ठेवलेले असते. चुकलेली शिवण उसवायची तर त्यावाचून माझे पान हलत नाही. मुलांच्या पेन्सिली मी ब्लेडनेच तासून दिल्या. तेव्हा हा विषय परका नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. माझा मुलगा नोकरीला आहे. त्याला रोज गुळगुळीत दाढी करून जावे लागते. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "आई, बाजारात जाते आहेस तर माझ्या रेझरची ब्लेड आण." मी शंभराची नोट घेऊन गेले. दुकानदाराने चार ब्लेडचे पाकीट पुढे ठेवले. किंमत पाहिली तर पाचशेच्या वर! मला वाटले, छापण्यात एक शून्य जास्त पडले असेल. दुकानदार म्हणाला, "ताई, त्याचा भाव हाच आहे." मी हुशारी केली. वीस रुपयांत साध्या ब्लेडचे पाच नगांचे पाकीट घेतले आणि ऐंशी रुपये वाचवले म्हणून खुशीत घरी आले. मुलगा हसायला लागला. म्हणाला, "आई, ही माझ्या रेझरला बसत नाहीत. दुसऱ्या कंपनीची महागातलीसुद्धा बसत नाहीत. ह्या रेझरला ह्याच कंपनीची लागतात."

"मग असला रेझर घेतलास कशाला?"

"अगं, रेझर फार स्वस्तात मिळाला होता."

मैत्रिणींनो, हे 'स्वस्तात मिळाला होता' माझ्या मनात घर करून बसले. माझ्या यजमानांचा रेझर वीस वर्षांपूर्वीचा, पोलादी, दोन्ही बाजूंनी धारेचे ब्लेड बसणारा. त्याला कुठल्याही कंपनीचे ब्लेड चालते, कारण त्या ब्लेडच्या मधली खाच सगळ्या कंपन्यांची एकसारखी असते. एक महाग झाले की मी दुसऱ्याचे आणते. मुलाच्या रेझरची खाच मात्र त्या एका कंपनीच्या मालकीची. तिथे माझी घासाघीस संपली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी गत.

मुलगी वाशीच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला आहे. तिला मी विचारले, हा काय प्रकार आहे? तिने मला रोज रात्री थोडेथोडे वाचून दाखवले. त्यातले मला जे समजले तेच आज तुम्हाला सांगते.

पूर्वी दाढी वस्तऱ्याने होई. आपल्या गावाकडे नाभिकदादा घरी येत, ओसरीवर बसून दाढी करत आणि सुगीला त्यांना बलुते जाई. वस्तरा एकदा घेतला की जन्मभर पुरे, फक्त धार लावायची. अमेरिकेत किंग जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता होता. तो बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीत काम करी. त्याला वरिष्ठांनी सल्ला दिला होता की, लोक वापरून फेकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील, असे काहीतरी शोधून काढ. 1895 साली दाढी करताना त्याला पातळ, टाकाऊ ब्लेडची कल्पना सुचली. 1901 साली कंपनी निघाली. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे 51 रेझर आणि 168 ब्लेड खपले. पुढे तिचे नाव जगभर झाले.

गंमत अशी, की ह्या माणसाने त्याआधी, 1894 साली, एक पुस्तक लिहिले होते. त्यात त्याचे म्हणणे असे की, व्यापारातली चढाओढ हेच सगळ्या दुःखाचे मूळ आहे. सगळ्यांचा माल एकाच मोठ्या, सगळ्या लोकांच्या मालकीच्या कंपनीने बनवावा आणि सगळ्यांनी सुखाने राहावे. विचार भाबडा खरा, पण हेतू वाईट नव्हता. ज्याने चढाओढ नको असे लिहिले, त्याच्याच नावाची कंपनी पुढे जगातल्या दाढीच्या बाजारात सगळ्यांत मोठी झाली. पण ती लोकांच्या मालकीची नव्हती, भागधारकांच्या मालकीची होती. एकाच हाती सगळे आले म्हणजे ते हात कोणाचे, हे आधी विचारावे लागते, एवढा बोध मी त्यातून घेतला.

1904 साली जिलेटला अमेरिकन सरकारने पेटंट दिले. पेटंट म्हणजे काय, ते मुलीने सोप्या शब्दांत सांगितले. ज्याने नवे शोधून काढले त्याला काही वर्षे दुसऱ्या कोणी नक्कल करू नये, असे सरकारचे संरक्षण. म्हणजे ती मक्तेदारीच, पण मुदतीची. अमेरिकेत ती तेव्हा 17 वर्षांची होती. त्या 17 वर्षांत जिलेटचा रेझर 5 डॉलरला विकला जाई, आणि ही रक्कम त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीतला मोठा भाग खाई. 1921 साली मुदत संपली, दुसऱ्यांना तसाच रेझर बनवायची मोकळीक झाली, आणि त्याच कंपनीचा जुन्या पद्धतीचा रेझर एका डॉलरला मिळू लागला. रेझर स्वस्त द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचे, ही युक्ती जिलेटने पहिल्या दिवसापासून केली असे सांगतात, ते खरे नाही. कुंपण होते तोवर रेझर महागच होता. कुंपण गेले, शेजारी आले, तेव्हा भाव उतरला.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. 1962 साली विल्किन्सन स्वोर्ड नावाच्या, तलवारी बनवणाऱ्या जुन्या कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाचे ब्लेड बाजारात आणले. त्या वेळी जिलेटच्या साध्या ब्लेडने थोड्याच दाढ्या होत, ह्या नव्या ब्लेडने कितीतरी जास्त. जिलेट एवढी मोठी, तिला असे ब्लेड करता येत नव्हते असे नाही. पण जास्त टिकणारे ब्लेड म्हणजे कमी खपणारे ब्लेड, मग घाई कशाला करा? लहान कंपनीने गिऱ्हाईक पळवले तेव्हा मोठीलाही पुढच्याच वर्षी तसे ब्लेड आणावे लागले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, तो तिसरा म्हणजे गिऱ्हाईक.

आता आपल्या देशाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने ठरवले की परदेशी माल मोकळेपणाने येऊ द्यायचा नाही, आपले कारखाने उभे राहिले पाहिजेत. 1951 च्या कायद्याने मोठा कारखाना काढायला परवाना लागे आणि किती माल काढायचा हेही परवान्यात ठरलेले असे. त्या काळी ब्लेडच्या धंद्यात मल्होत्रा कुटुंबाचे नाव मोठे झाले. कलकत्त्याची त्यांची हरबन्सलाल मल्होत्रा कंपनी. 'भारत', 'पनामा', 'टोपाझ' ही नावे तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी वडिलांच्या दाढीच्या डब्यात पाहिली असतील. त्याच कुटुंबातल्यांचा कारखाना आपल्या ठाण्यालाही होता, विद्युत मेटॅलिक्स, वागळे इस्टेटच्या भागात. 'सुपरमॅक्स' ब्लेड ते तिथलेच. आपण सानपाड्याहून ठाण्याची गाडी पकडतो, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली करत ठाण्याला उतरतो. तिथून जवळच देशातल्या आणि परदेशातल्या लाखो लोकांच्या दाढीची ब्लेड बनत असत, हे मला ह्या वयात कळले.

परदेशी माल बाहेर ठेवला, म्हणून आपल्या माणसांना रोजगार मिळाला, पोलादाचे नाजूक काम आपल्याला येऊ लागले, हे मोठेच झाले. पण नाण्याला दुसरी बाजू असते. बाहेरच्याला दार बंद आणि आतल्या नव्याला परवान्याची अडचण, म्हणजे आधी आत आलेल्यांचे आयतेच फावते. कितीतरी वर्षे देशातला बहुतेक ब्लेडचा बाजार त्या एकाच घराण्याच्या निरनिराळ्या कंपन्यांकडे होता. हे काही एका ब्लेडचेच नव्हते. म्हणून 1964 साली सरकारने न्यायमूर्ती के. सी. दासगुप्ता यांचा मक्तेदारी चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल 1965 साली आला आणि 1969 साली मक्तेदारीला आळा घालणारा कायदा झाला. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात माथाडी कायदाही झाला. माझे यजमान वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, म्हणून ते साल माझ्या लक्षात राहिले. एका कायद्याने धनवानाच्या हाताला आवर घालायचा, दुसऱ्याने कष्टकऱ्याच्या पाठीला आधार द्यायचा.

1984 साली जिलेट आपल्या देशात आली, पण एकटी नव्हे. हिंदी भागीदारांबरोबर 'इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी निघाली. कारखाना राजस्थानात भिवाडीला झाला आणि ब्लेड विकले जाई ते 'सेव्हन ओ'क्लॉक' नावाने. 1991 नंतर परदेशी भांडवलाला दार उघडले. तेव्हा जिलेट आपल्या नावाने पुढे आली. 2005 साली तिला प्रॉक्टर अँड गॅम्बल ह्या त्याहून मोठ्या कंपनीने विकत घेतले. त्यांची भारतातली मुख्य कचेरी आपल्या मुंबईतच, अंधेरीला आहे.

आता ह्या बलाढ्य कंपनीचीही एक गोष्ट ऐका. त्यांनी हिंदी पुरुषांसाठी एक रेझर केला आणि पारख केली ती अमेरिकेत शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांवर. तिथे नळाला धो धो पाणी. मग इथे आणून पाहतात तर आपला माणूस अंगणात पाटावर बसलेला, समोर वाटीभर पाणी, आरसा खिडकीला टेकवलेला. वाटीतल्या पाण्यात रेझर बुडवला की केस अडकून बसत. एखाद्या बाईला विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते, "आमच्याकडे पाणी जपून वापरतात." पुढे ती माणसे घराघरांत जाऊन बसली, दाढी कशी करतात ते पाहिले, आणि 2010 साली 'जिलेट गार्ड' निघाला. रेझर 15 रुपयांना आणि वरचे ब्लेड 5 रुपयांना. त्यात चारच भाग.

मी मुलीला विचारले, एवढ्या मोठ्या कंपनीला पाच रुपयांवर यायची गरज काय पडली? ती म्हणाली, "आई, कारण इथे बाबांचे ब्लेड होते." खरेच आहे. एक-दोन रुपयांचे, कोणत्याही रेझरला बसणारे, निरनिराळ्या कारखान्यांतून निघणारे साधे ब्लेड खेडोपाडी मिळत होते. सलूनवालेही तेच ब्लेड मधोमध मोडून, अर्धे वस्तऱ्यात घालून, एकेका गिऱ्हाइकाला नवीन वापरतात. त्या साध्या ब्लेडने मोठ्या कंपनीला वाटीभर पाण्यासमोर आणून बसवले.

असे आपणही अनुभवले आहे. आम्ही प्रथम ह्या वसाहतीत आलो तेव्हा आमच्या बाजूला वाण्याचे एकच दुकान होते. साखर ओली निघाली तरी तीच, नारळ नासका निघाला तर 'आमच्याकडे बदलून मिळत नाही.' गोडेतेलाचा भाव त्याच्या तोंडून निघेल तो. वाशीपर्यंत जायचे तर रिक्षाचे पैसे. पुढे रस्त्याच्या पलीकडे दुसरे दुकान झाले. त्याच महिन्यात पहिल्या दुकानदाराने मला 'या ताई, बसा' म्हणून स्टूल दिले, आणि नारळ बदलून मिळू लागला. माणूस तोच होता, स्वभाव तोच होता. समोर दुसरे दार उघडले, एवढाच फरक.

मग प्रश्न येतो, हे दुसरे दार उघडे कोण ठेवणार? मोठा मासा लहान माशाला गिळतो. दुसरे दुकान पहिल्यानेच विकत घेतले तर? इथे सरकारचे काम सुरू होते. आपला 1969 चा कायदा माणूस किती मोठा झाला हे मोजत असे. तो जाऊन 2002 चा स्पर्धा कायदा आला, आणि 2009 पासून दिल्लीचा स्पर्धा आयोग त्याप्रमाणे काम करू लागला. ह्या नव्या कायद्यात मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाचा दंडुका करून दुसऱ्याची वाट अडवणे किंवा गिऱ्हाइकाला नाडणे, हा गुन्हा आहे. दोन मोठ्या कंपन्या एक होणार असतील तर त्यांनी आधी आयोगाला विचारायचे, हाही नियम 2011 पासून लागू झाला.

अमेरिकेत दाढीच्या ब्लेडवरूनच असे दोन खटले गाजले. तिथे 'हॅरीज' नावाची नवी कंपनी निघाली. घरपोच, कमी भावात ब्लेड देऊ लागली, तेव्हा जुन्या कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले. 2019 साली त्या हॅरीजलाच 'एजवेल' ह्या मोठ्या कंपनीने विकत घ्यायचे ठरवले. 2020 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी आयोगाने हरकत घेतली आणि एजवेलने बेत सोडला. दुसरा खटला तर आपल्या बायकांच्या रेझरचा. 'बिली' नावाची कंपनी म्हणत होती की, पुरुषांचा रेझर निळा आणि बायकांचा गुलाबी, पण गुलाबी रंगाचे जास्त पैसे का? ती कमी भावात विकू लागली. तिला प्रॉक्टर अँड गॅम्बल घेणार होती. 2020 च्या डिसेंबरात आयोगाने खटला भरला आणि पुढच्या जानेवारीत तोही बेत बारगळला. मात्र त्याच 2021 साली बिलीला एजवेलने घेतले. म्हणजे सरकारने एक खिडकी राखली तरी वारा दुसरीकडून येतो. कायदा हवाच, पण कायद्यावर भार टाकून निजून चालत नाही.

त्या गुलाबी रेझरबद्दल वाचल्यावर मी मुलीचे कपाट उघडून पाहिले. तिचा रेझर गुलाबी होता. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "पुढच्या वेळी निळा आणते."

सरकारने आपल्या हाती दिलेली आणखी दोन साधने सांगते, कारण ती रोजच्या कामाची आहेत. पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते. तिच्यावर एक पैसाही मागायचा दुकानदाराला हक्क नाही, पण तिच्यापेक्षा कमी द्यायला त्याला कोणी अडवलेले नाही. पुष्कळ पाकिटांवर आता एका नगाचा भावही असतो, तो वाचावा. दुसरे म्हणजे कर कमी झाला की भाव उतरला का, ते पाहावे. 15 नोव्हेंबर 2017 पासून रेझर आणि ब्लेडवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून दाढीच्या क्रीमवरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. कमी झालेला कर गिऱ्हाइकाच्या पदरात पडला पाहिजे, असे कायद्यातच लिहिले आहे. त्यावर लक्ष ठेवायला 2017 साली वेगळे प्राधिकरण नेमले होते, ते 2022 अखेर बंद झाले. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या वहीतले प्राधिकरण कोणी बंद करू शकत नाही. मागच्या महिन्याचा भाव लिहून ठेवला तर ह्या महिन्याचा प्रश्न विचारता येतो. तक्रार करायची तर ग्राहकांसाठी 1915 हा सरकारी दूरध्वनी आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि हिच्यासाठीच मी आज उभी राहिले. आपल्या मंडळाचा पापड-मसाल्याचा उद्योग सगळ्यांना ठाऊक आहे. कितीजणींच्या घरी त्या पैशांतून मुलांची फी जाते, हेही ठाऊक आहे. दीड महिन्यापूर्वी एक गृहस्थ आले. म्हणाले, "तुम्हाला पाकिटे बंद करण्याचे यंत्र आम्ही फुकट देतो. फक्त तीन वर्षे पिशव्यांचे रोल आमच्याकडून घ्यायचे." यंत्र सुरेख होते. झटपट पाकीट बंद, हात भाजायला नको, मेणबत्ती नको. कार्यकारिणीत सगळ्यांत आधी 'घेऊया' म्हणणारी मी होते. फुकट ते पौष्टिक, असे मला वाटले. करारावर सही करायचे काम माझ्याकडे आले आणि कागद आठ दिवस माझ्या कपाटात होता.

त्याच आठ दिवसांत मुलाच्या ब्लेडचा प्रकार घडला. मी कपाटातून कागद काढला आणि मुलीकडून पुन्हा वाचून घेतला. त्यात रोलचा भाव पहिल्या वर्षापुरताच लिहिला होता. पुढच्या दोन वर्षांचा 'बाजारभावाप्रमाणे' होता, आणि बाजार कोणता? तर त्यांचाच, कारण त्या यंत्रात दुसऱ्या कोणाचा रोल बसतच नाही. मी त्यांना फोन करून विचारले. ते म्हणाले, "ताई, तशी खाचच आहे त्याची."

खाच! तोच शब्द ऐकला आणि माझा मुलगा दारात उभा राहून हसताना दिसला.

भगिनींनो, ते गृहस्थ लबाड आहेत, असे मी म्हणत नाही. त्यांनाही धंदा करायचा आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरी आमच्याकडूनच घ्या, अशा बांधिलकीची दखल स्पर्धा कायद्यात घेतलेली आहे. पण आपल्या पापडाच्या पिशवीसाठी दिल्लीचा आयोग सानपाड्याला येणार नाही. इथला आयोग आपणच. पुढच्या रविवारी ह्या प्रश्नावर मत घ्यायचे आहे. मी सही केलेली नाही. माझी घाई मंडळाला बांधून टाकणार होती, ही माझी चूक मी आपल्यापुढे कबूल करते. मत देण्याआधी चार प्रश्न मनात धरा. फुकट मिळणाऱ्या वस्तूबरोबर पुढे काय काय विकत घ्यावे लागेल? ते दुसऱ्या कोणाकडे मिळते का? तिसऱ्या वर्षीचा भाव कागदावर आहे का? आणि नको झाले तर बाहेर पडायला वाट आहे का? उत्तरे ठीक असली तर खुशाल घ्या, मीही हात वर करीन. नसली तर सगळ्या मिळून वर्गणी काढून साधे, कोणाचीही पिशवी चालणारे यंत्र घेऊ. माझ्या फॉल-पिकोच्या कमाईतले पाचशे रुपये मी आजच मांडते. योगायोगाने ते एका ब्लेडच्या पाकिटाएवढेच आहेत.

आपण चार बायका काय करणार, असे कोणी म्हणू नये. 1972 साली महागाईविरुद्ध मुंबईतल्या बायका मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. लाटणे हे काही शस्त्र नव्हे, पण ते घराघरात होते आणि एकसारखे होते. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारच्या दहा-बारा कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा माल घाऊक घ्यायचा आणि आपसांत वाटायचा, ही तिची रीत. तिथेही वह्या सांभाळल्या त्या गृहिणींनीच. एकट्या बाईला दुकानदार 'भाव हाच आहे' म्हणतो. बारा जणींना तो 'बसा' म्हणतो.

माझा मुलगा सध्या त्याच्या बाबांच्या जुन्या रेझरने दाढी करतो. पहिल्या दिवशी दोन ठिकाणी कापले, तुरटी लावली. आता सवय झाली आहे. दोघांत मिळून एकच पाकीट लागते, आणि त्यातले एक ब्लेड उसवायला मी घेते.

तेव्हा रविवारच्या सभेला सर्वांनी अवश्य यावे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.